एकत्र वादन, निराळी नोंद

सांगलीस किंवा साताऱ्यास नाट्यगीतांची बैठक बसली म्हणजे पूर्वीं गायकाच्या बाजूस एक ऑर्गन किंवा एक पेटी दिसे. आतां त्या जागीं कित्येकदां दोन-तीन विजेचे कीबोर्ड मांडलेले असतात. एकांतून ऑर्गनचा भरदार सूर निघतो, दुसऱ्यांतून व्हायोलिनच्या ताफ्याचा, तिसऱ्यांतून खर्जाचा. वादक एकमेकांकडे पाहत, गायकाच्या श्वासाकडे कान ठेवून वाजवितात, आणि बैठक रंगते. मग कोणी तरी म्हणतो, हें सारें नीट टिपून ठेविलें पाहिजे. खरी अडचण तेथें सुरू होते.

टिपून ठेवण्याचे सर्वपरिचित मार्ग दोन. पहिला म्हणजे पुढच्या रांगेंतील कोणा हौशी श्रोत्यानें आपला मोबाईल वर धरावा. ह्यांत सारे सूर एकाच प्रवाहांत मिसळतात. ऑर्गन मोठा झाला आणि गळा बुडाला, तर तो मागाहून वर काढणें दुरापास्त. मिसळलेले आवाज विलग करणाऱ्या संगणकीय युक्त्या अलीकडे निघाल्या आहेत हें खरें; पण तीन कीबोर्ड एकाच जातीच्या आवाजांत वाजत असले तर त्या युक्त्यांचीहि मति गुंग होते. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक वादकानें निरनिराळ्या दिवशीं येऊन, कानांत यंत्राचा ठोका ऐकत, आपापला भाग वाजवून जावा. ह्या रीतीनें नोंद स्वच्छ होते. मात्र संगत हरवते. संगत म्हणजे ऐकून दिलेलें उत्तर. गायक समेपूर्वीं क्षणभर रेंगाळला तर ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो, त्याला पाहून खर्जवाला थांबतो, आणि तिघे मिळून समेवर येतात. बुधवारीं वाजविणारास शनिवारच्या गायकाची ही हुलकावणी कशी कळावी?

म्हणून, श्रोतेहो, तिसरा मार्गच इष्ट ठरतो. सर्वांनीं एकत्र बसून वाजवावें, आणि प्रत्येकाचें वादन त्याच वेळीं संगणकांत निराळें टिपलें जावें. हें कसें साधतें आणि त्यासाठीं एवढी खटपट कां करावी, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

ही इच्छा आजची नव्हे. १९२५ पूर्वींच्या ध्वनिमुद्रणांत मायक्रोफोन नव्हता. सारी मंडळी एका कर्ण्यासमोर बसत. ज्याचा आवाज मोठा हवा तो पुढें, ज्याचा लहान हवा तो मागें. एकदां तबकडी कोरली गेली कीं तें प्रमाण कायमचें. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खांसाहेबांच्या जुन्या तबकड्या आजहि ऐकल्या जातात. त्यांत गळा, साथ आणि तबकडीची खरखर एकाच रेषेंत कोरलेली आहे. कोणा विद्यार्थ्याला केवळ पेटीची साथ अभ्यासावयाची असेल तर ती तबकडी त्याला तेवढीच निराळी काढून देऊं शकत नाहीं. पुढें चुंबकीय फीत आली, आणि १९५७ सालीं अमेरिकेंत अँपेक्स कंपनीनें लेस पॉल ह्या गिटारवादकास आठ स्वतंत्र मार्गांचें फीतयंत्र बनवून दिलें. आठ वाद्यें एकाच फितीवर, परंतु आठ निराळ्या वाटांनीं चालूं लागलीं. त्या वेळीं जें काम भल्या मोठ्या कपाटाएवढ्या यंत्रास लागे, तें आज टेबलावरच्या संगणकानें होतें.

कीबोर्ड आणि संगणक ह्यांच्यामध्यें दोन प्रकारचे दूत पाठवितां येतात. एक ध्वनि नेतो, दुसरा निरोप नेतो. ह्या दोहोंतील भेद ध्यानांत आला म्हणजे पुढचें सारें सोपें होतें. ध्वनि नेणारा दूत कीबोर्डांतून निघालेला प्रत्यक्ष आवाज वाहून नेतो. निरोप नेणारा दूत आवाज मुळींच नेत नाहीं. कोणती पट्टी दाबली, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, एवढेंच तो सांगतो. पहिल्याची तुलना ग्रामोफोनशीं करावी, दुसऱ्याची स्वरलिपीशीं. मात्र ही स्वरलिपि अशी कीं तिच्यांत बोटाचा दाब आणि क्षणाचा सहस्रांशहि लिहिलेला असतो.

ह्या निरोपाच्या भाषेला मिडी म्हणतात. पूर्वीं प्रत्येक कारखान्याच्या वाद्याची भाषा निराळी असे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी ह्यांनीं पुढाकार घेऊन एक समान भाषा ठरविली, आणि १९८३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनांत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं. एकाची पट्टी दाबली आणि दुसरें बोललें. ती भाषा आजहि चालू आहे. तिची सुधारलेली दुसरी आवृत्ति २०२० सालीं निघाली.

मिडीच्या एका तारेंत सोळा वाटा असतात. तीन कीबोर्डांनीं एकाच वेळीं निरोप पाठवावयाचे तर प्रत्येकास निराळी वाट नेमून द्यावी लागते. नवा कीबोर्ड बहुधा पहिल्याच वाटेनें बोलतो. तिघेहि पहिल्या वाटेनें बोलूं लागले आणि त्यांचे निरोप एकाच तारेंत मिसळले, तर संगणकाला ऑर्गन कोणता आणि खर्ज कोणता हें उमगत नाहीं. म्हणून ऑर्गनास पहिली, व्हायोलिनास दुसरी, खर्जास तिसरी अशी वाटणी वादनापूर्वींच करून ठेवावी. दुसरी गोष्ट वेगाची. जुनी मिडी तार सेकंदास ३१,२५० अंश वाहून नेते, आणि एका पट्टीच्या पूर्ण निरोपास ३० अंश लागतात. म्हणजे एक निरोप जावयास सुमारें एक सहस्रांश सेकंद लागतो. तारेंतून निरोप एकामागून एक जातात, पंगतीला बसल्यासारखे शेजारीं-शेजारीं जात नाहींत. तिघा वादकांनीं समेवर मिळून पंधरा पट्ट्या दाबल्या आणि सर्वांना एकच तार असली, तर शेवटचा निरोप पहिल्याच्या मागून चौदा सहस्रांशांनीं पोंचेल. तिखट कानाला तेवढें विस्कळीतपण जाणवूं शकतें. ह्यास्तव प्रत्येक कीबोर्डाला स्वतंत्र तार द्यावी. अनेक मिडी तारा घेणारी पेटी मिळते. आजकालचे बहुतेक कीबोर्ड यूएसबीच्या तारेनेंहि थेट संगणकाशीं बोलतात.

आतां ध्वनि नेणाऱ्या दूताकडे वळूं. त्यासाठीं ऑडिओ इंटरफेस नांवाची पेटी लागते. वाद्याचा विजेच्या रूपांतील आवाज घेऊन त्याचे अंक करणें हें तिचें काम. कीबोर्डाचा आवाज डावा आणि उजवा अशा दोन ओळींनीं बाहेर पडतो. तीन कीबोर्डांच्या झाल्या सहा ओळी, गायकाच्या मायक्रोफोनाची एक, तबला-डग्ग्याच्या दोन, एकूण नऊ. बाजारांत आठ ओळींची पेटी सहज मिळते. तेथें थोडा विचार केला तर खर्च वांचतो. खर्जाच्या आवाजास डावें-उजवें असें फारसें कांहीं नसतें. त्यास एकच ओळ दिली कीं हिशेब आठांत बसतो. प्रत्येक ओळीचे सेकंदास ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना चोवीस अंशांचा असें सामान्यतः धरतात. आठ ओळींचें तासाभराचें वादन ह्या मानानें सुमारें चार गिगाबाइट जागा व्यापतें. आजच्या संगणकास हें ओझें मुळींच जड नाहीं.

आवाजाची पातळी ठरवितांना मात्र सबुरी हवी. वादकास प्रथम त्याच्या गाण्यांतील सर्वांत जोरकस भाग वाजवावयास सांगावें, आणि त्या वेळींहि मापाचा दर्शक वरच्या टोकापासून बराच खालीं राहील असें पाहावें. कमी टिपलेला आवाज मागाहून वाढवितां येतो. टोकाला आपटून फाटलेला आवाज पुन्हां सांधतां येत नाहीं.

पुष्कळांना छळणारा दुसरा शत्रु म्हणजे घूं घूं असा सतत गुणगुणणारा आवाज. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आंदोलनें करते, आणि तीच ह्या तारांतून डोकावते. कीबोर्ड, संगणक आणि ध्वनिवर्धक निरनिराळ्या भिंतींतील प्लगांना लावले, आणि शिवाय एकमेकांशीं तारांनीं जोडले, म्हणजे अर्थिंगची एक वर्तुळाकार वाट तयार होते. गुणगुण तींतून फिरते. सर्व यंत्रें शक्य तर एकाच विजेच्या बोर्डावर लावावीं, आणि कीबोर्डाच्या जवळ डीआय बॉक्स नांवाची डबी ठेवून पुढची लांब तार संतुलित प्रकारची घ्यावी, म्हणजे बहुधा ही पीडा टळते. कांहीं मंडळी प्लगाची अर्थिंगची जाड पीन काढून टाकतात. तसें कदापि करूं नये. गुणगुण जाईल, पण उद्यां वाद्याच्या धातूच्या अंगाला हात लावणाराच्या जिवावर बेतेल.

आतां विलंबाविषयीं. संगणक आवाज घोटाघोटानें पितो. २५६ नमुन्यांचा एक घोट धरला तर त्यास सव्वापांच सहस्रांश सेकंदांहून किंचित् अधिक वेळ लागतो. आंत येऊन पुन्हां बाहेर जावयास त्याच्या दुप्पट, म्हणजे दहा-अकरा सहस्रांश. हवेंतून ध्वनि तेवढ्या वेळांत सुमारें बारा फूट जातो. म्हणजे शेजारीं बसलेला ऑर्गनवाला बारा फूट दूर नेऊन बसविल्यासारखें होतें. कांहींजण तेवढें सोसतात, कांहींची लय डळमळते. त्यावर दोन उपाय आहेत. एक, घोट लहान करावा. मात्र तो फार लहान केला तर संगणक धापा टाकतो आणि आवाजांत तडतड येते. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे वादकांनीं आपला आवाज संगणकांतून फिरून आलेला ऐकूंच नये. बहुतेक इंटरफेसांत आलेला आवाज तेथल्या तेथें हेडफोनकडे वळविण्याची सोय असते. वादक तो थेट ऐकतात, आणि संगणक मुकाट्यानें टिपून घेतो.

एका पेटीच्या ओळी पुरल्या नाहींत म्हणून घरांतील दोन निरनिराळ्या पेट्या एकाच संगणकास जोडण्याचा मोह होतो. त्यांत एक सूक्ष्म धोका आहे. प्रत्येक पेटींत कालमापनाचा स्वतःचा स्फटिक असतो, आणि कोणतेहि दोन स्फटिक तंतोतंत सारखे चालत नाहींत. त्यांच्या चालींत दहा लाखांत दहा भागांचा फरक असला तर तासाभरानें दोन्ही नोंदींत छत्तीस सहस्रांश सेकंदांचें अंतर पडतें. आरंभीं एकत्र असलेला ऑर्गन आणि व्हायोलिन शेवटच्या भैरवीला मागें-पुढें झालेले असतात, आणि दोष मात्र वादकांच्या माथीं येतो. म्हणून दोन पेट्या वापरावयाच्या तर एकीनें ठोका द्यावा व दुसरीनें तो पाळावा, अशी त्यांची जोडणी करावी. पुष्कळ पेट्यांत आठ ओळी एकदम नेणारी प्रकाशाची तार लावतां येते. तिच्यांतूनच हा ठोकाहि जातो.

ह्यापुढचा प्रश्न केवळ यंत्राचा नाहीं, स्वराचा आहे. आणि तो सातारा-सांगलीच्या माणसांनीं शंभर वर्षांपूर्वींच विचारला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. हिंदी स्वरसप्तक आणि बावीस श्रुति ह्या विषयावर त्यांनीं १९१० सालीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें. अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्यांतील स्वर तारेवर मोजून त्यांनीं श्रुतींचीं मापें बसविलीं. अर्नेस्ट क्लेमेंट्स ह्या आय. सी. एस. अधिकाऱ्यानें त्यांना साथ दिली. सातारा येथें फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ह्या नांवाची संस्थाहि उभी राहिली. पेटीचे बारा ठराविक स्वर आपल्या रागांना पुरत नाहींत, म्हणून देवलांनीं श्रुतींची निराळी हार्मोनियम विलायतेंत तयार करविली. १९१६ सालीं बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हां ह्या श्रुतिपेटीवर मोठा वाद झाला. पंडित भातखंडे ह्यांना तो हिशेब मान्य नव्हता. पेटी मागें पडली, पण प्रश्न उरला. पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला नभोवाणीवर मज्जाव केला, त्याच्या मुळाशीं हेंच गाऱ्हाणें होतें. तो मज्जाव १९७० च्या दशकांत सैल झाला.

गाऱ्हाणें खोटें नव्हतें. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर कीबोर्डाचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० भागांवर असतो. निसर्गसिद्ध गांधार ३८६ भागांवर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या मिरजेच्या तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली म्हणजे तींतून कोणी न छेडलेला हा गांधार आपोआप उमटतो. गायक त्या गांधारावर उभा असतो, आणि शेजारचा कीबोर्ड चौदा भाग वर बोलतो. तीन कीबोर्ड असले तर तिघे मिळून बोलतात.

येथें निरोप नेणाऱ्या दूताचा खरा उपयोग कळतो. त्याच्या निरोपांत स्वराची उंची नसते, पट्टीचा केवळ क्रमांक असतो. त्या क्रमांकास कोणता स्वर समजावयाचा हें मागाहूनहि ठरवितां येतें. १९९० च्या दशकाच्या आरंभींच मिडीच्या भाषेंत प्रत्येक पट्टीचा स्वर हवा तसा लावण्याची तरतूद झाली, आणि कित्येक कीबोर्डांत बारा स्वर निरनिराळे चढविण्या-उतरविण्याची सोय असते. देवलांनीं ज्यासाठीं विलायतेहून पेटी आणविली, तें आज एका बटणानें होऊं शकतें. तथापि हें काम बैठकीपूर्वीं करणेंच उत्तम. गायक शेजारच्या सुराला नकळत वश होतो. तो चढ्या गांधारावर गाऊन गेल्यावर मागाहून कीबोर्ड उतरविला तर दोघांचें पुन्हां जमणार नाहीं. राग ठरला, पट्टी ठरली, कीं तंबोरा लावून तिन्ही कीबोर्ड त्याच्याशीं मिळवून घ्यावे, आणि मगच टिपण्यास आरंभ करावा.

कोणी विचारील, ध्वनि टिपावा कीं निरोप? दोन्ही टिपावे. नुसता निरोप ठेविला आणि वीस वर्षांनीं तो कीबोर्डच उरला नाहीं, तर ऑर्गनचा तो विशिष्ट आवाज कोठून आणावयाचा? नुसता ध्वनि ठेविला तर वादकाच्या बोटांचें गुपित उलगडत नाहीं. ध्वनि सांगतो कीं काय ऐकूं आलें. निरोप सांगतो कीं हातानें काय केलें. शिकणाराला दोहोंचीहि गरज असते. ह्याबरोबर एक साधा कागद लिहून ठेवावा: तारीख, गायकाची पट्टी, राग व ताल, कोणता कीबोर्ड कोणत्या ओळीवर व कोणत्या वाटेवर, त्यांतील आवाजाचा क्रमांक, आणि पट्टी बदलणारें बटण किती घरें सरकविलें होतें. हें शेवटचें न लिहिल्यास काळी एकमधील गाणें पुढें पांढरी एकमध्यें उमटतें, आणि घोटाळा कोठें झाला हें कोणासच कळत नाहीं.

नोंदीच्या दोन प्रती असाव्या, आणि त्या दोन गांवीं असाव्या. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेच्या महापुराचें पाणी सांगलींतील घराघरांत शिरलें. कपाटाच्या खालच्या कप्प्यांत ठेविलेल्या वस्तु अशा वेळीं पहिल्यानें जातात. एक प्रत सांगलीस असली तर दुसरी साताऱ्यास एखाद्या स्नेह्याच्या घरीं ठेवावी. तिला जागा तळहाताएवढीच लागते.

नाट्यसंगीताची साथ ही विद्या पुस्तकांतून फारशी आलेली नाहीं. गुरूच्या शेजारीं बसून, त्याचा डावा हात केव्हां उचलला जातो आणि उजवा केव्हां थबकतो हें पाहत पाहत ती उतरली. असे जुने हात दर वर्षीं थोडे थोडे कमी होत आहेत. त्यांतील एखादा हात अजून वाजता असतां, त्याला त्याच्या गायकापासून आणि सोबत्यांपासून न तोडतां टिपून घेतला, तर उद्यांचा विद्यार्थी एका बटणानें बाकीचे सारे आवाज बंद करून केवळ ऑर्गन ऐकूं शकेल. आणि दुसऱ्या बटणानें केवळ ऑर्गन बंद करून, त्या रिकाम्या जागीं स्वतः बसूं शकेल. गायक समेपूर्वीं रेंगाळेल, खर्जवाला थांबेल, आणि त्या विद्यार्थ्यालाहि सूर धरून ठेवावा लागेल.